चिंदी बांधलेला खटका

योगराज भामरेने विमान घेतल्याची बातमी सुरतेतल्या खानदेशी वस्तीत, नवागाममध्ये, पोहोचली तेव्हा कोणी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही. योगराजने त्याआधी आयफेल टॉवर घेतला होता, लंडनचा लाल टेलिफोनचा डबा घेतला होता आणि बर्फाचा एक डोंगरही घेतला होता. डोंगर थर्माकोलचा होता. उंदरांनी तो इतक्या मनापासून पोखरला की त्यात खऱ्या डोंगरासारख्या गुहा झाल्या, आणि योगराज त्या गुहा गिऱ्हाइकांना वेगळ्या दाखवू लागला.

त्याचा धंदा होता लग्न ठरलेल्या जोडप्यांचे लग्नाआधीचे फोटो काढण्याचा. इच्छापोरच्या पुढे, हजिरा रोडला लागून, एका मोकळ्या प्लॉटवर त्याने हे सगळं जग मांडलं होतं. आधी तो लूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. पण सुरतेत माग बिघडायचं प्रमाण आणि लग्नं ठरायचं प्रमाण यांची त्याने तुलना केली आणि धंदा बदलला.

विमान चार माणसांचं होतं. खानदेशातला एक लहानसा फ्लाइंग क्लब बऱ्याच वर्षांपूर्वी बंद पडला होता, तिथलं. क्लबचं भंगार सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका व्यापाऱ्याकडे आलं आणि योगराजला गाववाल्याचा फोन आला, की अरे, तुझ्या सासऱ्याच्या क्लबातलं विमान तुझ्या दारात आलंय. योगराज त्याच दिवशी सचिनला गेला. इंजिन काढलेलं होतं. उजवा पंख ट्रकवाल्याने वाटेत कुठेतरी सोडला होता. योगराजने सुताराकडून प्लायवुडचा पंख करून घेतला आणि फोटोग्राफर लोटूला बजावलं, की कॅमेरा कायम डाव्या बाजूला लावायचा.

सासऱ्याच्या क्लबातलं हे त्याने घरी सांगितलं नाही. बायकोला, सुषमाला, नाही. सासूला तर मुळीच नाही.

त्याचं कारण असं. योगराजचे सासरे दगा सोनवणे हेही आधी सुरतेत जॉबर होते. लूमच्या खडखडाटात कान गेले म्हणून ते गावाकडे परतले आणि त्या क्लबात विमानं पुसायच्या कामाला लागले. मंगलाबाई सुरतेतच राहिल्या, मुलीजवळ, नवागामच्या खोलीत. एके दिवशी दुपारी दगा सोनवणे हातात फडकं घेऊन शेडमध्ये गेले. संध्याकाळी शेडमध्ये विमान होतं, विमानाखाली त्यांच्या चपला होत्या, आणि ते नव्हते. चपला तिथे असणं नेहमीचंच, कारण ते चपला काढल्याशिवाय विमानात चढत नसत. पोलीस म्हणाले, माणूस निघून गेला असेल. चपला ठेवून कोण निघून जातं, असं मंगलाबाईंनी विचारलं. त्यावर पोलिसांनी चपला त्यांच्या ताब्यात दिल्या.

तेव्हापासून भाऊबंद दर वर्षी सांगायचे, की पिठाचा पुतळा करून कार्य उरकून टाका, कपाळाचं कुंकू उतरवा, माणूस मोकळा होऊ द्या. मंगलाबाई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि आपल्या अहिराणीत एकच उत्तर द्यायच्या.

"माणूस कामवर जायेल शे. पाळी सुटनी का येई."

या उत्तरावर भाऊबंद चहा पिऊन परत जायचे. योगराज आणि सुषमाही थकले होते. एवढी लांब पाळी सुरतेतसुद्धा कुणी करत नाही.

विमानाने धंदा उचलला, हे मान्य करायला हवं. त्यात तीन गोष्टी अशा होत्या, की ज्यांचं श्रेय योगराजने विनासंकोच घेतलं.

एक म्हणजे, आत गार असायचं. बाहेर मे महिन्यातलं सुरत, पत्र्यावर पापड भाजावेत असं, आणि आत हलका गारवा. गिऱ्हाइकांना वाटायचं एसी आहे. योगराज नाही म्हणायचा नाही. दुसरं म्हणजे, काचेआडून काढलेल्या प्रत्येक फोटोत नवरीचे केस मागे उडालेले असायचे. दार बंद, खिडकी बंद, पंखा नाही, आणि केस उडालेले. लोटूने दोनतीनदा विचारलं, की भाऊ, वारा कुठून येतो? योगराज म्हणाला, विमान आहे, वारा येणारच. तिसरी गोष्ट काचेची. हजिरा रोडच्या धुळीत आयफेल टॉवर आठवड्यात मातीच्या रंगाचा व्हायचा, पण विमानाची पुढची काच कधी पुसावी लागली नाही. सदा लख्ख. फक्त खालचा उजवा कोपरा तेवढा मळका, आणि तो कितीही घासला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मळका.

समोरच्या फळीवर घड्याळं आणि खटके होते. खटक्यांखाली इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं होतं. एका घड्याळात चार वाजलेले होते आणि ते बंद होतं. नीट पाहिलं तर त्यात बाराऐवजी दहाच आकडे होते, पण फोटोसाठी आलेली जोडपी इतकं नीट फक्त एकमेकांकडे पाहतात. आणि फळीच्या अगदी खाली, डाव्या हाताला, एक खटका होता, ज्याच्याखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. तो वरच्या बाजूला होता. आणि त्याला एक चिंदी बांधलेली होती, पोपटी रंगाची, विटलेली.

योगराजने विमानाचा सगळा कचरा काढला, पण या चिंदीला त्याचा हात गेला नाही. लूमच्या शेडमध्ये वाढलेल्या कुणाचाच गेला नसता. माग बिघडला की जॉबर खाली शिरतो. शिरण्याआधी तो खटका बंद करतो आणि त्याला चिंदी बांधतो. त्या चिंदीचा अर्थ, आत माणूस आहे. शेठ आला, शेठचा बाप आला, तरी त्या खटक्याला हात लावायचा नाही. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. ही गोष्ट कुठल्या पाटीवर लिहिलेली नसते आणि म्हणूनच पाळली जाते.

भादव्यात एक दिवस रस्त्यावरून जाताना विमान पाहून कॅप्टन जरीवाला आत आले. हे सुरतेतल्या अडाजणचे, जन्मभर पोरांना विमान चालवायला शिकवून निवृत्त झालेले. योगराजने त्यांना चहा दिला आणि खटक्यांची ओळख करून मागितली, कारण गिऱ्हाइकं विचारायची आणि त्याला दरवेळी नवीन उत्तर शोधावं लागायचं. कॅप्टनांनी एकेक खटका सांगितला. हा बॅटरीचा, हा पंपाचा, हा पंखावरच्या दिव्याचा. दहा आकड्यांचं घड्याळ म्हणजे घड्याळ नव्हे, विमान किती उंचीवर आहे ते दाखवणारा काटा. चार हजार फूट दाखवतोय, म्हणजे बिघडलेला आहे.

बिननावाच्या खटक्याशी ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला. मग उताणे पडून फळीखाली टॉर्च मारला. बाहेर आले तेव्हा ते जरा कमी बोलत होते. खटक्याच्या मागे तार नव्हती. तार तुटलेली नव्हती, कधी जोडलेलीच नव्हती.

योगराजने विचारलं, मग हा कशाचा? कॅप्टन हिंदी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत म्हणाले, की जुन्या लहान विमानांत असा एखादा असतोच. कुठल्या तरी मालकाने काही तरी बसवलेलं असतं, पुढच्याने काढलेलं असतं, खटका राहून जातो. कुणालाच माहीत नसतं. मग तुम्ही काय करता, असं योगराजने विचारलं.

"जसा दिसला तसा ठेवतो, भाई," कॅप्टन म्हणाले. "जमिनीवर शोध लावता येतात. वर असताना कोण लावणार?"

जाता जाता त्यांनी एक गोष्ट शिकवली. घरातला खटका खाली दाबला की दिवा लागतो. विमानात उलटं असतं. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. योगराजला हे इतकं आवडलं की पुढचा महिनाभर त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवलं.

आणि तिथेच चूक झाली.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी माग धुतात, जुने धागे, चिंध्या, वंगणाचे बोळे काढून टाकतात, सगळे खटके बंद करतात. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या दिवशी यंत्राने विश्रांती घ्यायची. चालू यंत्राची पूजा करत नाहीत. योगराजने टेलिफोनच्या डब्याची पूजा केली, आयफेल टॉवरला माळ घातली, आणि विमानात चढला. सगळे खटके खाली होते. एकच वर होता. आधी तो त्या खटक्याला बंदच समजत आला होता. पण आता त्याला ज्ञान झालं होतं. वर म्हणजे चालू.

क्षणभर तो थांबला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की हे काही लूम नव्हे आणि याच्या आत कुणी माणूस नाही. गाठ सुटेना म्हणून त्याने चिंदी कात्रीने कापली, खिशात टाकली, आणि खटका खाली केला.

खटका अगदी सहज खाली आला. कुंकू लावताना योगराजला कपाळावर घाम जाणवला. आत उकडत होतं.

दुसऱ्या दिवशी लोटू म्हणाला, भाऊ, केस उडत नाहीत. तिसऱ्या दिवशी एका नवरीने विचारलं, की तुमचं घड्याळ उलटं का चालतं? योगराजने पाहिलं. चारचे पावणेचार झाल्यासारखे दिसत होते. मोठा काटा मागे सरकत होता, इतका हळू की पाहत राहिलं तर थांबलेला वाटावा, आणि चहा पिऊन आलं तर सरकलेला. त्याने कॅप्टनांना फोन केला. त्यांनी सांगितलं, की हवेचा दाब बदलला की काटा थोडा हलतो, काळजी करू नका. थोडा म्हणजे किती, असं योगराजने विचारलं. कॅप्टनांनी आकडा सांगितला. काटा त्याच्या दुप्पट हलून झाला होता.

इकडे घरी सुषमाने शर्ट धुवायला घेतला आणि खिशातली चिंदी बाजूला टाकली. मंगलाबाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी चिंदी उचलली. गाठ कापलेली नव्हती, चिंदी बाजूने कापली होती, त्यामुळे गाठ जशीच्या तशी होती. डावखुऱ्या माणसाने मारलेली गाठ, दगा सोनवणे मारायचे तशी. आणि कापड त्यांच्याच एका पोपटी लुगड्याचं, ज्याची फडकी त्यांनी नवऱ्याला कामावर न्यायला फाडून दिली होती.

योगराज घरी आला तेव्हा चिंदी ताटाशेजारी ठेवलेली होती.

"जवाईबापू, हाई कोठे भेटनी?"

योगराज खोटं बोलण्यात तरबेज होता, पण फक्त गिऱ्हाइकांशी. त्याने सगळं सांगितलं. क्लब, विमान, दसरा, काटा. सुषमा भिंतीला टेकून उभी होती. मंगलाबाईंनी एकच प्रश्न विचारला, की खटका वर होता की खाली. वर होता, योगराज म्हणाला. विमानात वर म्हणजे चालू, मामी. घरात वर म्हणजे बंद.

मंगलाबाईंनी चिंदी उचलून गाठ पुन्हा पाहिली. मग त्या हसल्या. नवऱ्यावर बायको हसते तसं. दगा सोनवणेंनी आयुष्यात कधी कुणाला विचारून काही केलं नव्हतं. लूमच्या शेडमध्ये बाकी खटक्यांवर खुणा असतात, मुख्य खटक्यावर नसते, कारण तो सगळ्यांना माहीतच असतो. त्यांनी विमानात ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही असा खटका शोधला, घरच्यासारखा वर करून बंद केला, चिंदी बांधली, आणि निर्धास्त होऊन पुसायला आत शिरले.

"आणि हाई वर चालनं गये," मंगलाबाई म्हणाल्या.

योगराज लगेच उठला. त्याचं म्हणणं, आत्ता जाऊन खटका पुन्हा वर करतो. सुषमाचंही तेच म्हणणं होतं. तिने आईचे दोन्ही हात धरले.

"माय, वर शेतस तवलगून शेतस तरी. खाले उतरीसन काय व्हई, कोणले ठाऊक?"

यात चूक काही नव्हती. वर असलेला माणूस वर आहे. त्याचं कुंकू लावता येतं. खाली आलेला माणूस कसा आला ते पाहावं लागतं. इंजिन नाही, एक पंख प्लायवुडचा, आणि आतल्या माणसाला फक्त काच पुसता येते.

मंगलाबाईंनी हात सोडवून घेतले आणि चिंदी पदराच्या टोकाला बांधली.

"आखो किती पाळ्या करतीन? उतरू द्या त्यासले."

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत काटा उतरत राहिला. योगराजने विमानाचे फोटो बंद केले आणि गिऱ्हाइकांना बर्फाच्या गुहा दाखवल्या. त्या दिवसांत विमानाच्या काचेवर पहिल्यांदाच धूळ बसू लागली, पण बसलेली धूळ सकाळी पुसलेली असायची. हात मात्र घाईचा वाटायचा.

दिवाळीला सुरतेतले लूम बंद होतात आणि नवागाम गावाकडे निघून जातं. एरवी भिंतीतून, जमिनीतून, दातांतून जाणवणारा खडखडाट थांबतो. मग गल्लीत आपल्याच चालण्याचा आवाज ऐकू येतो आणि माणूस मागे वळून पाहतो. अशा एका दुपारी तिघंजण खोलीला कुलूप लावून इच्छापोरला निघाले. मंगलाबाईंच्या पिशवीत चपला होत्या. योगराजने कॅप्टनांनाही बोलावलं होतं. खरं कारण सांगायला जीभ वळली नाही, म्हणून काटा बघायला या एवढंच म्हणाला.  कॅप्टन गणवेशाचा पांढरा शर्ट घालून आले.

काटा शंभराच्या खाली होता. कॅप्टन दारातून वाकून त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी रस्त्याच्या बाजूला वाऱ्यावर हलणारी झेंडूची सुकलेली माळ पाहिली आणि स्वतःशीच मान हलवली. त्यांचा उजवा हात हवेत थोडा मागे आला. ती जन्माची सवय होती, शिकाऊ पोरगा शेजारी बसलेला असताना लागलेली.

"नाक थोडं वर," ते रिकाम्या सीटला म्हणाले. "धीमे. घाई नको. जमीन स्वतः येईल."

कुणी हसलं नाही. योगराजने प्लायवुडचा पंख दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. सुषमाने डोळे मिटले होते. मंगलाबाईंनी वाकून चपला विमानाखाली ठेवल्या, पाय टाकला की सरकतील अशा, टोकं बाहेरच्या बाजूला करून.

काटा शून्यावर आला. हवा नसलेली चाकं एकदा करकरली आणि विमान एका बाजूला किंचित झुकलं, रिक्षातून माणूस उतरताना रिक्षा झुकते तेवढंच. मग सरळ झालं.

"सरस," कॅप्टन अगदी हळू म्हणाले आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

दार उघडं होतं. आत चार रिकाम्या सीटा होत्या, आणि भट्टीसारखं उकडत होतं. त्यांनी वाट पाहिली. रस्त्यावरून एक टँकर गेला. कुणीही उतरलं नाही.

सुषमा रडायला लागली तेव्हा योगराज पंख सोडून तिच्याजवळ गेला. मंगलाबाई म्हणाल्या, चला घरी. त्यांचा आवाज रोजच्यासारखा होता, आणि तोच ऐकवत नव्हता. चपला उचलायच्या म्हणून योगराज वाकला. विमानाखाली चपला नव्हत्या. कॅप्टनांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग ते आपल्या गाडीत जाऊन बसले.

नवागामच्या गल्लीत पोहोचले तेव्हा ऊन कललं होतं. सगळ्या दारांना कुलपं होती. त्यांच्याही दाराला होतं, जसं लावलं होतं तसंच. चपला उंबऱ्याबाहेर होत्या, शेजारी शेजारी, हजिरा रोडची धूळ लागलेल्या.

योगराजने कुलूप काढलं आणि दार ढकललं. सवयीने त्याचा हात दाराजवळच्या पाटीवरच्या मुख्य खटक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. खटका वर होता, म्हणजे बंद. त्याला पोपटी चिंदी बांधलेली होती. मंगलाबाईंनी पदराचं टोक चाचपलं. ते रिकामं होतं. मग त्यांनी खटक्यावरची गाठ बोटाने चाचपली. डाव्या हाताची.

"कोणी तरी मझार शे," सुषमा पुटपुटली. लूमवाल्याची मुलगी होती. आत माणूस आहे, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खोलीत अंधार होता. पलीकडच्या भिंतीला एकच खिडकी, तिची काच कित्येक वर्षांच्या धुळीने आंधळी झालेली. तिथून आवाज येत होता. ओलं फडकं काचेवर फिरताना येतो तसा, सावकाश, वरून खाली. आणि त्या मागोमाग संध्याकाळचा उजेड पट्ट्यापट्ट्याने खोलीत येत होता.

योगराजने एक पाऊल मागे घेतलं. मंगलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, कपाळावरचं कुंकू बोटाने सारखं केलं, आणि उंबऱ्यावर बसल्या. आत गेल्या नाहीत. चिंदी सोडेपर्यंत जायचं नसतं. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. जवळजवळ सगळी काच उजळली होती.

"तुमना कोपरा राही जास हो," त्या म्हणाल्या. "खालना, जेवना हातना."

आत फडकं थांबलं.

मग खालच्या उजव्या कोपऱ्यात उजेडाचा एक लहानसा ठिपका पडला, आणि हळूहळू मोठा होऊ लागला.